अंगणात बांधता येणारी लाकडी होडी

धरण झाले, पाणी आले, ऊस उभा राहिला. पण ज्यांची शेती धरणाच्या फुगवट्याला लागून आहे त्यांच्या वाट्याला पाण्याबरोबर एक अडचणही आली. जी वाट पूर्वी पायी दहा मिनिटांची होती, तिच्यात पाणी उभे राहिले. पलीकडच्या शिवारात जायचे तर मोठा वळसा घाला, नाहीतर मिळेल त्या साधनाने पाणी ओलांडा. मग कोणी गुळाची काहील पाण्यात सोडतो, कोणी थर्माकोलचा चप्पू करतो. जायकवाडीच्या फुगवट्यात चप्पूवर बसून शाळेला जाणारी मुले आपण बातम्यांत पाहिली आहेत.

या साधनांत काय धोका आहे हे पाण्याकाठच्या माणसाला सांगायला नको. चांगल्या होडीलाही वारा सोडत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. एका संध्याकाळी अनेक घरे उघडी पडली.

म्हणून या लेखात आपण एका अशा लहान होडीची माहिती घेणार आहोत, जी घरच्या अंगणात, साध्या सुतारी हत्यारांनी बांधता येते आणि जी पाण्याने गच्च भरली तरी बुडत नाही. तिला कयाक म्हणतात. ती एका माणसाची होडी आहे. तिच्यातून खताची पोती जाणार नाहीत, शाळेची मुलेही जाणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. पण काठाच्या पाण्यात जाळे पाहायला, पंपाचा फूटव्हॉल्व्ह तपासायला किंवा हवा शांत असताना काठाकाठाने पलीकडच्या बांधावर जायला ती उपयोगी पडते. आणि ती बांधताना होडी तरते कशी, बुडते कशी, हे जे कळते त्याचा उपयोग दुसऱ्या कोणत्याही होडीत बसताना होतो.

कयाक आली कोठून?

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ मुलखात राहणाऱ्या इन्युइट लोकांची. त्या मुलखात झाड उगवत नाही. समुद्राने वाहून आणलेली लाकडे गोळा करायची, त्यांचा हलका सांगाडा बांधायचा आणि त्यावर सील या प्राण्याचे कातडे ताणून शिवायचे, अशी त्यांची रीत. सांगाडा पुरुष करीत आणि कातड्याची शिवण बायका घालीत. ती शिवण पाणी आत येऊ देत नसे. शिवण उसवली तर घरधनी परत यायचा नाही, हे शिवणारणीला ठाऊक असे.

त्यांच्याकडे फूटपट्टी नव्हती. ग्रीनलंडमध्ये माप घ्यायचे ते माणसाच्या अंगावरून. दोन्ही हात पसरून जी वाव होते तिच्या सुमारे तिप्पट लांबी. कमरेची रुंदी अधिक दोन मुठी एवढी रुंदी. म्हणजे जशी अंगरख्याची मापे तशी होडीची मापे. आपल्याकडेही वाव, हात, वीत, मूठ ही मापे आजोबा-पणजोबांच्या तोंडी होतीच.

द्रोणाची युक्ती

मग ही होडी लाकडाची कधी झाली? प्लायवुडचा शोध लागल्यावर अनेकांनी तसा प्रयत्न केला. पण होडी बांधायची म्हणजे आधी आतल्या बरगड्या वाकवा, मग त्यावर फळ्या बसवा, हे काम कसलेल्या सुताराचेच होते. इंग्लंडमध्ये केन लिटलडाइक नावाच्या शिक्षकाने एक सोपी रीत काढली. प्लायवुडच्या पातळ पट्ट्या ठरलेल्या आकारात कापायच्या, त्यांच्या कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना शिवायच्या आणि सांध्यावर काचकापड व रेझिन चिकटवून तो पक्का करायचा. बरगड्या नाहीत, साचा नाही.

ही युक्ती आपल्या घरातील बाईमाणसाला लगेच कळेल. पळसाचे पान सपाट असते, लवते. त्याला दुमड देऊन काडीने टाचले की द्रोण होतो आणि त्यात आमटी राहते. पान तेच, पण वाक आल्याबरोबर त्यात ताठपणा येतो. प्लायवुडचेही तसेच आहे. चार मिलिमीटर जाडीची पट्टी हाताने वाकते. पण कडेला कड शिवून तिला होडीचा बाक दिला की ती माणसाचे वजन पेलते.

या रीतीचा खरा प्रसार झाला तो मिरर नावाच्या होडीमुळे. १९६२-६३ साली इंग्लंडमधील डेली मिरर या वृत्तपत्राने सामान्य माणसाला परवडेल अशी शिडाची छोटी होडी काढली. जॅक होल्ट हे होड्यांचे नामांकित रचनाकार आणि बॅरी बकनेल हे दूरदर्शनवर घरगुती सुतारकाम शिकवणारे गृहस्थ, या दोघांनी तिची आखणी केली. सुटे भाग आणि सूचना यांचा संच घरी आणायचा आणि मोकळ्या वेळात होडी जोडायची. अशा ७० हजारांहून अधिक होड्या तयार झाल्या. त्या बांधणारे बरेचसे लोक सुतार नव्हते. कारखान्यात, कचेरीत, शाळेत काम करणारे होते. त्या होडीत हवेच्या बंद पेट्या मूळ रचनेतच होत्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

शिवलेली होडी आपल्या देशालाही नवी नाही. अरबी समुद्रात फार पूर्वीपासून काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेली गलबते चालत. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात तसेच शिवलेले जहाज अलीकडे बांधण्यात आले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. त्याची शिवण कायमची असते. आपल्या कयाकची शिवण मात्र सांधा पक्का होईपर्यंतच कामाची.

होडी तरते कशाने?

लाकूड तरते म्हणून होडी तरते, असे आपण समजतो. मग लोखंडी होडी का तरते? रिकामी घागर विहिरीत सोडा, ती तरंगते. तोंडातून पाणी शिरले की बुडते. पण बूच घट्ट लावलेला कॅन कितीही दाबला तरी वर येतो. आपण लहानपणी पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलो, ते याच नियमावर.

हिशेब सोपा आहे. जितक्या लिटर पाण्याला होडी बाजूला सारते तितके किलो वजन ती पेलते. बारा फूट लांब आणि अडीच फूट रुंद कयाकचे स्वतःचे वजन २० ते २५ किलो धरा. बसणारा ७० किलो, सामान ५ किलो. एकूण १०० किलो. म्हणजे १०० लिटर पाणी बाजूला सरेल इतकी ती पाण्यात बसेल, चार-पाच इंच. वर काठ मोकळा राहील.

आता वारा सुटला, लाट आली आणि मधल्या बसण्याच्या जागेत पाणी भरले असे समजा. साधी उघडी होडी येथेच घात करते. पण कयाकच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला आडव्या फळ्या घालून दोन बंद कप्पे केलेले असले, तर प्रत्येक कप्प्यात ४० लिटरच्या वर हवा कोंडलेली असते. जणू दोन्ही टोकांना वीस-वीस लिटरचे दोन-दोन बूचबंद कॅन बांधले आहेत. होडी भरेल, पण खाली जाणार नाही. पाण्यात पडलेल्या माणसाला डोके वर ठेवायला थोडाच आधार लागतो. होडीला धरून राहिला तर तो तासन् तास तरंगू शकतो.

म्हणून या होडीचा जीव लाकडात नाही, या दोन कप्प्यांत आहे. खर्चात काटकसर करायची असेल तर रंगात करा, कप्प्यांत करू नका.

साहित्य

प्लायवुडचे ४ मिलिमीटरचे आठ बाय चार फुटांचे तीन ताव लागतात. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणेल तेवढ्यावर भागवू नका. तावावर आय.एस.आय. खूण आणि तिच्याबरोबर आय.एस. ७१० हा क्रमांक पाहून घ्या. तो मरीन प्लायवुडचा क्रमांक आहे. आय.एस. ३०३ चा माल फर्निचरला चालतो, होडीला नको. तावाच्या कडा नीट पाहा. मधल्या थरात फटी दिसल्या तर तो ताव परत करा. मनात शंका असेल तर वीतभर तुकडा चुलीवर पाण्यात उकळायला ठेवा. मरीन प्लायवुड प्रमाणाच्या चाचणीत ७२ तास उकळलेले पाणी सोसते. आपल्या चुलीवर एका दिवसात थर सुटले, तर तो माल खोटा.

याशिवाय इपॉक्सी रेझिन व त्याचे हार्डनर, तीन इंच रुंदीची काचकापडाची पट्टी, वरच्या काठाला आतून लावायला पाऊण इंची लाकडी पट्ट्या, बारीक चाळलेला लाकडाचा भुसा, काचपेपर आणि सव्वा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. हत्यारे म्हणाल तर बारीक दात्यांची करवत, रंधा, ड्रिल, पक्कड आणि होतील तितके क्लॅम्प. क्लॅम्प नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधा.

नकाशा मात्र स्वतःच्या मनाने काढू नका. होडीचा आकार एका इंचाने चुकला तर ती डोलू लागते. अनेकांनी बांधून पाहिलेला नकाशा मिळवा आणि त्यातील मापे जशीच्या तशी घ्या. आधी जाड पुठ्ठ्यावर एका फुटास एक इंच या प्रमाणात भाग कापा आणि सुई-दोऱ्याने शिवून पाहा. या कामात घरातील मुलांना घ्या. पुठ्ठ्याची होडी नीट जमली की निम्मे काम समजले.

कृती

पहिले काम ताव जोडण्याचे. ताव आठ फुटी आणि होडी बाराची. जोडायच्या दोन्ही कडांना जाडीच्या आठपट उतार द्या. ४ मिलिमीटरच्या तावाला ३२ मिलिमीटर. रंधा मारताना प्लायवुडचे थर पट्ट्यांसारखे दिसू लागतात. त्या पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या दिसल्या की उतार बरोबर झाला. दोन्ही उतारांना रेझिन लावून, वर-खाली प्लास्टिकचा कागद ठेवून, वजनाखाली दिवसभर दाबून ठेवा.

दुसरे काम कापण्याचे. डावी-उजवी पट्टी एकमेकींवर ठेवून एकदमच कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील. कडेपासून तीन सूत अंतरावर, दर पाच-सहा इंचांवर भोके पाडा.

तिसरे काम शिवण. बुडाच्या दोन पट्ट्या पुस्तकासारख्या मिटवून मधल्या कडेने तारांचे टाके घाला, मग पुस्तक उघडावे तशा त्या उघडा. बाजूच्या पट्ट्या जोडा. टाके आधी सैल ठेवा. सगळे जागेवर आले की थोडे थोडे आवळत जा. एकाच ठिकाणी जोर केला तर भोक फाटते.

चौथे काम पीळ पाहण्याचे. हे कोणी टाळू नये. होडीच्या पुढच्या व मागच्या भागावर एकेक सरळ काठी आडवी ठेवा आणि मागून डोळा लावून पाहा. दोन्ही काठ्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. पिळलेली होडी सरळ चालत नाही, आणि रेझिन वाळल्यावर पीळ काढता येत नाही.

पाचवे काम सांधा भरण्याचे. रेझिनमध्ये भुसा मिसळून श्रीखंडाइतके घट्ट करा. आतल्या सांध्यात भरून चमच्याच्या पाठीने गोलाई द्या. त्यावर काचकापडाची पट्टी ठेवून रेझिनने भिजवा, पांढरटपणा जाऊन पट्टी पारदर्शक दिसेपर्यंत. वाळल्यावर तारा काढा, बाहेरची कड गोल करा आणि बाहेरूनही पट्टी लावा.

सहावे काम कप्प्यांचे. दोन्ही टोकांपासून सुमारे साडेतीन फुटांवर आडव्या फळ्या बसवा. चारी बाजूंनी त्याच रीतीने सांधा भरा. वरचे झाकण बसवण्याआधी कप्प्यांच्या आत रेझिनचे तीन हात द्या, कारण पुढे तिथे हात पोचणार नाही. प्रत्येक कप्प्याला आट्यांचे घट्ट बूच ठेवा. झाकण बसल्यावर बाहेरून सांध्यावर साबणाचे पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने हवा फुंका. बुडबुडा आला तर तेथे गळती आहे. कॉम्प्रेसर लावू नका, सांधा फुटेल. होडी काठावर उन्हात असताना बूच उघडे ठेवा, आतली हवा तापून फुगते. पाण्यात घालताना बूच लावले का ते दोनदा पाहा.

बसण्याची मधली जागा ऐसपैस ठेवा. होडी उलटली तर बसणाऱ्याला क्षणात बाहेर निसटता आले पाहिजे. तेथे अंगाला बांधणारी दोरी किंवा पट्टा ठेवू नये.

वल्हे सुमारे सात फुटी, दोन्ही टोकांना पाते असलेले. शिवण किंवा हलका साग चांगला.

रेझिनबद्दल सावधगिरी

हार्डनरचे प्रमाण डब्यावर दिले असेल तेच, छोट्या काट्यावर तोलून घ्या. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातले तर इपॉक्सी पक्के होत नाही. एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. उन्हाळ्यात भांड्यात साठलेले मिश्रण आपोआप तापते, धूर येतो आणि हातातच दगड होते. पसरट थाळीत घेतले तर जास्त वेळ टिकते. पावसाळी हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय येते, ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नका. म्हणून दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

हातमोजे घातल्याशिवाय रेझिनला हात लावू नका. कातडीला लागले तर थिनर वापरू नका, साबण-पाण्याने धुवा. आज काही झाले नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वारंवार लागल्याने पुढे अंगावर कायमचा पुरळ उठू लागतो. काचपेपर मारताना नाका-तोंडाला मुखपट्टी बांधा आणि लहान मुलांना दूर ठेवा. ऊन इपॉक्सीला खाते, म्हणून बाहेरून शेवटी तेलरंग किंवा वॉर्निश द्यावेच लागते.

रोज संध्याकाळी दोन तास दिले तर दीड-दोन महिन्यांत होडी उभी राहते. घाई करण्यासारखे हे काम नाही.

पाण्यात घालण्यापूर्वी

पहिली परीक्षा कमरेइतक्या शांत पाण्यात, दोन पोहणाऱ्या माणसांना बरोबर घेऊन करा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मुळीच करू नका. त्या उतारावर पाय ठरत नाही आणि चांगला पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. मधल्या जागेत बादल्यांनी पाणी भरा आणि होडी तरते का पाहा. नंतर मुद्दाम उलटवा, बाहेर निघा, होडी धरून राहा आणि तिला काठाला आणा. हे पाच-सहा वेळा जमल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका.

लाइफ जॅकेट अंगात घालून पुढचे पट्टे लावलेले हवे; बुडाखाली घेऊन बसलेले जॅकेट काही कामाचे नाही. एकट्याने जाऊ नका. जाताना घरी सांगून जा. वाहत्या नदीत, पुरात आणि धरणाच्या सांडव्याजवळ ही होडी घालू नये. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वळवाचे ढग दिसले की काठ सोडू नका. पाण्याचा पसारा जितका लांब तितकी वाऱ्याने उठणारी लाट मोठी, हे फुगवट्याकाठच्या लोकांनी कायम लक्षात ठेवावे. तसेच धरणाच्या पाण्यात होडी घालण्याआधी जलसंपदा खात्याच्या जवळच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत विचारून परवानगी घ्यावी. मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे तेही पाहावे.

आणखी एक गोष्ट. ही होडी तुम्ही बांधा अथवा न बांधा, पण पुढच्या वेळी दुसऱ्याच्या होडीत पाय ठेवताना तीन प्रश्न जरूर विचारा. ही पाण्याने भरली तर तरंगेल काय? हवेच्या बंद पेट्या कोठे आहेत? सगळ्यांना पुरतील एवढी जॅकेटे आहेत काय? उत्तर मिळाले नाही तर वळसा पडला तरी चालेल, रस्त्याने जा. उशीर झाला तर घरचे रागावतील. पण वाट पाहणाऱ्यांना तुम्ही परत दिसाल.